डोंगरावरचं तीन मजली घर

मी हळू चालते, हे आधीच सांगून टाकते. माझ्या नवऱ्याच्या मते मी चालताना बोलते म्हणून हळू चालते. माझ्या मते मी हळू चालते, म्हणून मला बोलायला वेळ मिळतो. आमची मुलगी शाळेच्या क्रॉस कंट्री टीममध्ये पळते, त्यामुळे तिच्या मते आम्ही दोघंही एका जागी उभेच असतो. असे आम्ही तिघं दोन वर्षांपूर्वी, सप्टेंबरच्या पहिल्या लाँग वीकएंडला, न्यू हॅम्पशरमधल्या सगळ्यांत उंच डोंगरावर गेलो. मुलगी तेव्हा पंधरा वर्षांची होती.

त्या डोंगराला अमेरिकेच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षाचं नाव आहे, पण आमच्या घरात त्याला नुसतं ‘तो डोंगर’ म्हणतात, आणि कुठला हे कुणालाही विचारावं लागत नाही. उंची सव्वासहा हजार फुटांहून थोडी जास्त. मी नाशिकची. कळसूबाई मी कॉलेजात असताना साध्या चपला घालून चढले होते, आणि हा तिच्यापेक्षा आठ-नऊशे फुटांनीच उंच. त्यामुळे मी त्याला फार मनावर घेतलं नव्हतं. नवऱ्यानं मात्र महिनाभर आधीपासून व्हिडिओ बघून बघून माझं डोकं खाल्लं होतं. वर जगातली सगळ्यांत वाईट हवा असते, उन्हाळ्यातसुद्धा बर्फ पडतो, वारा माणसाला उचलतो. “मग जायचंच कशाला?” मी विचारलं. त्यावर तो म्हणाला, “अगं, म्हणूनच तर जायचं.”

न्यू जर्सीतल्या आमच्या पिस्कॅटवेहून सात तास गाडी चालवून आम्ही आदल्या दिवशी डोंगराच्या पायथ्याजवळच्या मोटेलात उतरलो आणि सकाळी सातला चढायला लागलो. पहिले दोन-अडीच तास झाडी होती. ओढ्याच्या कडेनं चढण, ओल्या मुळ्या, शेवाळलेले दगड. मग झाडं गुडघ्याएवढी झाली आणि त्यानंतर संपलीच. थंडीवाऱ्यामुळे त्या उंचीवर झाड उभंच राहू शकत नाही. पुढे फक्त दगड, दगडांवरची पिवळी बुरशी आणि आभाळ. तिथे दोन लहान तळी आहेत आणि तळ्यांच्या काठी डोंगर चढणाऱ्यांसाठी एक लाकडी विश्रामघर आहे. आम्ही तिथे पाणी भरून घेतलं. शिखर तिथून दीडेक तासावर होतं आणि इतकं स्वच्छ ऊन पडलं होतं, की मी नवऱ्याला त्याच्या वाईट हवेबद्दल बरंच काही ऐकवलं.

झाडं नाहीत म्हटल्यावर पायवाटेच्या खुणा कशावर करणार? म्हणून तिथे ठरावीक अंतरावर दगडांचे मोठे ढीग रचलेले आहेत, साधारण छातीएवढे. एका ढिगापाशी पोचलं की पुढचा दिसतो, तिथे गेलं की त्याच्या पुढचा. आणि प्रत्येक ढिगाच्या डोक्यावर एक पांढरीशुभ्र गारगोटी, नारळाएवढी. ती का ठेवली आहे हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं, शोभेसाठी असेल. माणसाला शोभेची हौस सगळीकडेच असते.

आता माझ्या हौशीबद्दल. आमच्या नाशिककडे देवीच्या गडावर जाताना माणसं वाटेत दगडावर दगड ठेवून लहानसं घर रचतात. ज्याला स्वतःचं घर हवं असेल त्यानं रचायचं, देवीला हात जोडायचे आणि मागे वळून न बघता पुढे जायचं. मी सहावीत असताना माझ्या आईनं असं घर रचलं होतं आणि तीन वर्षांत आमचं गंगापूर रोडला दोन खोल्यांचं का होईना, पण घर झालं. मी इथे आल्यापासून जिथे म्हणून डोंगर चढले, तिथे एक घर रचून आले आहे. चौदा वर्षं आम्ही एकाच अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये भाड्यानं राहत होतो, कारण ग्रीन कार्डाचा अर्ज रांगेत होता, आणि रांग पुढे सरकेपर्यंत घर घ्यायचं नाही, असं नवऱ्याचं ठाम मत. दर तीन वर्षांनी व्हिसा वाढवून घ्यायचा आणि कुठल्या पोलिसी नोंदीत नाव लागू द्यायचं नाही. साधं स्पीडिंगचं तिकीट मिळालं तरी त्याला दोन रात्री झोप येत नसे. म्हणून माझी घरं फक्त डोंगरांवर होती, आणि मी ती तीन मजली बांधायची. मागायचंच आहे तर कमी कशाला मागा?

मुलीला हे अजिबात आवडत नसे. लहान होती तेव्हा ती दगड आणून द्यायची. मग शाळेत कुणीतरी शिकवलं, की निसर्गात गेलं की पाऊलखुणांपलीकडे मागे काही ठेवायचं नाही. तेव्हापासून मी दगड उचलला की ती म्हणायची, “आई, यू आर नॉट सपोज्ड टू डू दॅट.” त्यामुळे मी ती पुढे गेली की बांधायला लागले.

त्या दिवशीही तसंच केलं. शिखर अर्ध्या तासावर राहिलं होतं. बापलेक पुढे गेले होते, मला धाप लागली होती आणि पायवाटेपासून तीस-चाळीस पावलांवर एक सपाट जागा होती. तिथून पलीकडची सगळी दरी दिसत होती. घराला अशी जागा न्यू जर्सीत मिळणार नाही, असं मनाशी म्हणत मी रचायला घेतलं. चपटे दगड कमी पडले, तेव्हा जवळच्या खुणेच्या ढिगातले चारपाच आणले. पहिल्या मजल्याला दार ठेवलं. कंबरेच्याही वर गेलं ते घर, एवढं मोठं मी कधीच बांधलं नव्हतं. आणि वर कळस हवा, म्हणून त्या ढिगावरची गारगोटी उचलून आणली आणि माझ्या घरावर ठेवली. अगदी पूजेच्या कलशावरच्या नारळासारखी दिसली. हात जोडले, मागे न बघता वाटेला लागले आणि वर पोचल्यावर कुणाला काही बोलले नाही.

शिखरावर पोचले आणि पहिल्यांदा हसूच आलं. पाच तास धापा टाकत चढून यावं, तर समोर स्लिपर घातलेली माणसं आइस्क्रीम खात उभी. कारण त्या डोंगरावर एका बाजूनं मोटारीचा रस्ता येतो आणि दुसऱ्या बाजूनं दातेरी चाकाची आगगाडी. शिखराच्या पाटीबरोबर फोटो काढायला रांग होती आणि त्या रांगेत आमच्या पुढे पर्स घेतलेल्या तीन बायका होत्या. नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

फोटो झाल्यावर आम्ही शिखरावरच्या कॅफेटेरियात बसून घरून आणलेलं थालीपीठ आणि लसणीची चटणी खाल्ली, गरम चॉकलेट घेतलं आणि मग मी भिंतीवरच्या पाट्या वाचायला निघाले. आमच्याकडे ही पद्धतच आहे. कुठेही गेलं की मी पाट्या वाचते आणि बाकीच्या दोघांना मोठ्यानं सांगते, त्यांना हवं असो वा नसो. आपल्याकडे डोंगरावरचा इतिहास म्हटला की वेढा, तह, दगाफटका, पाण्याची टाकी, धान्याची कोठारं. इथे तसलं काही नाही. इथले मूळ रहिवासी म्हणे वर येतच नसत, शिखर देवाचं म्हणून खालूनच नमस्कार करत. मग बाहेरून आलेल्यांना ते चढून बघायची खुमखुमी आली. मग घोडागाडीचा रस्ता झाला, दगडी हॉटेल झालं, आगगाडी झाली. उन्हाळ्यात शिखरावर रोजचं वर्तमानपत्र निघायचं आणि त्यात आज वर कोण कोण आलं त्यांची नावं छापून यायची. एका इमारतीचं छप्पर वाऱ्यानं उडू नये म्हणून तिला साखळदंडांनी बांधून ठेवलेलं आहे. इथला सगळा इतिहास हवा खायला आलेल्या माणसांचा आहे, असं मी जाहीर केलं. नवरा म्हणाला, “आणि हवेनं खाल्लेल्या माणसांचा.” त्यानं बोट दाखवलं, तिथे भिंतीवर या डोंगरात मेलेल्यांची यादी होती. लांबलचक.

त्या यादीतल्या एकीची गोष्ट मुलीनं आम्हाला वाचून दाखवली. दीडशेहून जास्त वर्षं झाली. एक तरुण मुलगी काका आणि चुलत बहिणीबरोबर वर यायला निघाली. वाटेत वारा सुटला, अंधार पडला, पुढचं काही दिसेना. काकानं दगड रचून आडोसा केला आणि त्याआड दोघी मुलींना घेऊन बसला. रात्रीतून ती मुलगी गेली. सकाळी उजाडल्यावर दिसलं, की हॉटेल अगदी वर, थोड्याच अंतरावर होतं.

“दे वर सो क्लोज,” मुलगी म्हणाली. बराच वेळ ती त्या पाटीपाशी उभी होती.

“हाका मारायला नको?” मी म्हणाले. हातात गरम चॉकलेट असलं की माणसाला दुसऱ्यांच्या चुका फार स्पष्ट दिसतात.

दीड वाजता उतरायला लागलो. खालच्या दरीतून ढग वर येत होते, पण वाट दिसत होती. मुलीला आमच्या चालीनं उतरायचा कंटाळा आला होता. मी तिला म्हटलं, पुढे जा, पण प्रत्येक पाचव्या ढिगापाशी थांबायचं. वर पांढरा दगड असलेला ढीग नीट बघायचा, तिथेच उभं राहायचं आणि आम्ही येईपर्यंत जागचं हलायचं नाही. घरात नियम मी करते आणि माझे नियम पाळले जातात, याचा मला फार अभिमान होता.

पहिल्या दोन वेळा ती थांबलेली होती. हाताची घडी घालून, चेहऱ्यावर ‘किती वेळ’ असा भाव. तिसऱ्या वेळी ती निघून गेली आणि पाच मिनिटांत ढग आमच्यावर आला. धुकं मी आयुष्यभर पाहिलेलं आहे, त्र्यंबकला पाहिलेलं, महाबळेश्वरला पाहिलेलं. हे तसं नव्हतं. नवरा तीन पावलं पुढे होता, तर त्याची पाठ पुसट झाली. वर वारा असा, की शेजारी उभं राहून ओरडावं लागत होतं. आम्ही ढीग मोजत, हात धरून उतरलो. पाचव्या ढिगापाशी ती नव्हती. सहाव्यापाशी नव्हती. आपल्या मोजण्यात चूक झाली असेल म्हणून पुढे गेलो. दहाव्यापाशीही नव्हती.

“हटवरच गेली असणार,” नवरा म्हणाला. हट म्हणजे ते तळ्यांजवळचं विश्रामघर. “थंडी वाजली असेल, गेली असेल पळत.” मीही म्हटलं, हो, तसंच असेल, आणि भेटल्यावर काय काय बोलायचं ते मनात जुळवत उतरले.

हट धुक्यात अडकलेल्या लोकांनी भरली होती. ओल्या मोज्यांचा आणि सूपचा वास येत होता. मी एकेक बाक बघितला. वरचे झोपायचे बंक बघितले, बाथरूमचं दार वाजवलं. ती नव्हती. तिचा फोन लागत नव्हता, तिथे कुणाचाच लागत नव्हता.

तिथे पिवळं जाकीट घातलेला एक सत्तरीचा गृहस्थ होता. चढणाऱ्यांना मदत करणारा स्वयंसेवक, पांढरी दाढी, कमरेला रेडिओ. नवऱ्यानं त्याला सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे विचारलं, वय काय, कपडे कुठल्या रंगाचे, शेवटची कुठे दिसली. नवरा म्हणाला, पांढऱ्या दगडाच्या ढिगापाशीच थांब असं सांगितलं होतं. म्हातारा म्हणाला, “बरोबर सांगितलंत. ती गारगोटी त्याचसाठी असते. धुक्यात काळा ढीग दिसत नाही, पांढरा दगड दिसतो.” मग कपाळ चोळत म्हणाला, “एका ढिगावरची मात्र आज गायब आहे. मी दुपारी येताना पाहिलं. कुणीतरी आठवण म्हणून उचलून नेली असणार. उद्या दुसरी नेऊन ठेवायचं ठरवलं होतं.”

मला तिथल्या तिथे सगळं कळलं. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी अख्खं चित्र डोळ्यांपुढे उभं राहिलं. माझी मुलगी धुक्यात उभी आहे, पुढचा ढीग शोधते आहे, आणि तिला पांढरा दगड दिसतो तो वाटेवर नाही. माझ्या घरावर दिसतो. त्या सपाट जागेच्या पलीकडे काय आहे तेही मला माहीत होतं. तो देखावा बघूनच तर मी जागा निवडली होती.

आणि मी बोलले नाही.

हे लिहायला मला दोन वर्षं लागली. म्हाताऱ्याच्या कमरेचा रेडिओ खरखरत होता आणि माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते सांगते. ही सरकारी जमीन आहे. खुणेचा ढीग मोडणं हा इथे गुन्हा असेल. हा माणूस नाव विचारेल, लिहून घेईल, ते कुठेतरी लागेल. चौदा वर्षं कुठे नाव लागू दिलं नाही आणि आता अर्ज शेवटच्या टप्प्यावर आहे. नवरा आयुष्यभर ऐकवेल. आणि कदाचित ती तिकडे नसेलच. कदाचित खालच्या जंगलात उतरली असेल, ती पळते, तिला कुठे कळतं आपण किती पुढे आलो ते. मी स्वतःशी असा वाद घालत बाकावर बसून होते आणि सगळ्यांना वाटत होतं की मी घाबरून गप्प झाले आहे. एका बाईनं माझ्या खांद्यावर घोंगडी टाकली. म्हातारा रेडिओवर खाली कळवत होता. दोन धडधाकट ट्रेकर, जोडपं होतं, खालच्या वाटेनं बघायला जायला तयार झाले आणि बॅटऱ्या घेऊन निघालेही. भिंतीवर घड्याळ होतं. वीस मिनिटं मी ते घड्याळ बघितलं.

मग नवरा जाकिटाची चेन लावायला लागला. “मीही त्यांच्याबरोबर खाली जातो,” तो म्हणाला, “तू इथेच थांब.” तो उलट्या दिशेला जाणार होता आणि मी त्याला जाऊ देणार होते.

“खाली नको,” मी म्हणाले. “ती वर आहे. गारगोटी मी उचलली.”

मी मराठीत बोलले होते, मग तेच म्हाताऱ्याला इंग्रजीत सांगितलं. सगळं सांगितलं. घर, दार, कळस, सपाट जागा, तीस-चाळीस पावलं. देवीचंही सांगितलं, काय सांगायचं आणि काय नाही हे सुचत नव्हतं. म्हाताऱ्यानं विचारलं ते एवढंच, “जागा दाखवता येईल?” मी हो म्हटलं, तर तो म्हणाला, “चला मग.” नाव विचारलं नाही.

तो चढ मी कसा चढले ते मला आठवत नाही, पण बोलत नव्हते, एवढं नक्की. वारा समोरून होता. म्हातारा एकेका ढिगाला हात लावून मोठ्यानं आकडा म्हणत होता. एका ढिगापाशी तो थांबला आणि त्यावर टॉर्च मारला. वर गारगोटी नव्हती, बाजूचे दगडही उपसलेले. सकाळी उन्हात मला वाटलं होतं की चारपाच दगडांनी काय होतंय. आता त्या धुक्यात तो ढीग आजूबाजूच्या दगडांत मिसळून गेला होता. त्याच्याजवळून जाऊनही तो चुकला असता.

“मी इथून हलणार नाही,” म्हातारा म्हणाला. “शिट्टी वाजवत राहतो. तुम्ही दोघं हात धरून जा, पावलं मोजा. चाळीसच्या पुढे एकही टाकायचं नाही.”

आम्ही उजवीकडे वळलो. मी मोठ्यानं मोजत होते आणि मधेमधे तिच्या नावानं ओरडत होते. बाविसाव्या पावलाला मला समोर काहीतरी पांढरं दिसलं. सव्विसाव्याला घर दिसलं. आणि घराच्या आडोशाला, गुडघे पोटाशी घेऊन, जाकिटाची टोपी नाकापर्यंत ओढून माझी मुलगी बसली होती.

“अगं, इथे काय करतेस तू!” मी ओरडले. इतक्या जोरात, इतक्या रागानं, की मलाच ऐकून आश्चर्य वाटलं. आणि पुढच्याच क्षणी मी खाली बसले होते, तिला घट्ट धरलं होतं आणि मोठमोठ्यानं रडत होते. नवऱ्यानं आम्हा दोघींना मिळून मिठी मारली. तिचे ओठ निळसर झाले होते, दात वाजत होते, पण ती धड होती. हात धड, पाय धड. मी तिची बोटं मोजली, जन्मल्यावर मोजली होती तशी. आयुष्यात मला एवढं सुटल्यासारखं कधी वाटलेलं नाही. देवी, देव, म्हाताऱ्याची शिट्टी, जे कोण असेल त्याचे मी आभार मानत होते आणि मागून त्या शिट्टीचा आवाज येतच होता.

“हलायचं नाही म्हणालीस ना,” ती म्हणाली. मराठीत. एरवी मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देणारी ती.

निघण्याआधी मी घर मोडलं. थंडी होती, पोरगी कुडकुडत होती, नवरा म्हणाला, राहू दे, उद्या तो मोडेल. पण मी ऐकलं नाही. आणखी कुणाचं तरी मूल त्या दगडाकडे बघत आलं असतं. तिन्ही मजले ढकलून पाडले, गारगोटी पोटाशी धरली आणि सव्वीस पावलं परत चालून म्हाताऱ्याच्या हातात दिली. त्यानं ती ढिगावर ठेवली, हलते का बघितलं, दोन दगड नीट बसवले. मग मुलीला त्यानं स्वतःचे हातमोजे दिले आणि मला म्हणाला, “दार छान केलं होतंस म्हणे. पुन्हा करू नकोस.” बस्, एवढंच. कुणी काही लिहून घेतलं नाही.

हटमध्ये तिला चुलीजवळ बसवलं. कुणीतरी कोरडे मोजे दिले, कुणीतरी सूप. खाली गेलेल्या जोडप्याला रेडिओवरून परत बोलावलं आणि नवरा त्यांचे आभार मानायला दारापाशी उभा राहिला. आम्ही दोघीच होतो. तिच्या गालांवर रंग आला होता आणि ती चमच्यानं बटाटे शोधत होती.

मी तिला विचारलं, तुला कधी कळलं की वाट चुकलीय?

“जवळ गेले तेव्हा,” ती म्हणाली. “लांबून वाटलं, ट्रेलचाच आहे. जवळ गेले तर इट हॅड अ डोअर. मग कळलं, धिस इज आईचं घर.” मागे वळली, तर तिला वाटेवरचा ढीग दिसेना. दोन पावलं पुढे टाकली, तर पायाखालचा दगड घसरून खाली गेला आणि त्याचा पडल्याचा आवाज बराच वेळ आला नाही. मग ती परत येऊन घराशी बसली. मधे एकदा वाऱ्यानं ढग फाटला आणि आम्ही दोघं हात धरून उतरताना तिला दिसलो. ती ओरडली. आम्हाला ऐकू गेलं नाही, आणि ढग परत मिटला.

“तरी नाही हललीस?”

“घर तुझं होतं ना,” ती म्हणाली. “आय न्यू तुला आठवेल.”

यावर मला गप्प बसता आलं असतं. नवऱ्यानंही तोवर काही विचारलं नव्हतं आणि तो कधी विचारणारही नव्हता, हे मला ठाऊक होतं. पण तिचा तो विश्वास मला फुकटात नको होता. मी तिला सांगितलं. आठवलं लगेच होतं. त्या बाकावर बसून मी वीस मिनिटं तोंड उघडलं नाही. ग्रीन कार्डाचा विचार करत होते आणि बाबा काय म्हणेल त्याचा. तू तिथे कुडकुडत होतीस आणि मी घड्याळ बघत होते.

तिनं चमचा वाटीत ठेवला. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ही उठून बापाकडे जाणार, आणि गेली असती तरी मला बोलायला तोंड नव्हतं.

“फक्त वीस?” ती म्हणाली. “कबूल करायला मी तुला दोन तास दिले होते.”